शिधा पाठवणार नाही

दिनांक ५ नोव्हेंबर २०२५, बुधवार, कार्तिक पौर्णिमा. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. चौसाळ्यात, महामार्गालगतच्या माझ्या दुकानापुढे बाजेवर बसून हे लिहितो आहे. आज गुरू नानकांचा जन्मदिवस. मागे चुलीवर डाळ चढली आहे. माझा मुलगा बलबीर काल पुण्याहून आला. तो अजून झोपला आहे. तो उठेपर्यंत जेवढे होईल तेवढे लिहीन.

हे नांदूरघाटला मागे राहिलेल्या माझ्या चुलतभावांसाठी आहे, आणि चौसाळ्याहून पुढे पुण्याला, जालन्याला, नांदेडला गेलेल्या आमच्या मुलांसाठी आहे. पहिल्यांना हे आवडणार नाही. दुसऱ्यांना वाचायला सवड नाही. तरीही लिहितो, कारण आज दुपारपर्यंत एक गोष्ट ठरायची आहे आणि ती ठरण्यापूर्वी माझे म्हणणे कागदावर असलेले बरे.

गोष्ट साधी आहे. ज्या जागेवर आम्ही शेहेचाळीस वर्षे राहतो तिचा कागद आमच्या नावाचा नाही. तो होण्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, आणि ठराव गावचे पुढारी भाऊसाहेब यांच्या शब्दावाचून होत नाही. भाऊसाहेबांनी बलबीरला फोनवर सांगितले आहे की, आज लंगरच्या जेवणाची चाळीस पार्सले बंगल्यावर पाठवा, पाहुणे आहेत. बलबीर हो म्हणाला. फॉइलचे चाळीस डबे माझ्यासमोर भिंतीशी रचून ठेवले आहेत.

ते डबे का जाणार नाहीत, हे सांगायचे तर नांदूरघाटपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही शिकलगार शीख. लोखंड घडविणे हा आमचा धंदा. पूर्वजांनी तलवारी घडविल्या असे घरात सांगत. मी ऊसतोडीचे कोयते घडविले. माझ्या हातचा कोयता तीन हंगाम टिकतो. याहून अधिक ओळख देण्याची मला गरज वाटत नाही.

१९७९ साली, शिमग्याच्या आधी आठ दिवस, आम्ही नांदूरघाट सोडले. मी चोवीस वर्षांचा होतो. बैलगाडीत भाता, ऐरण, हातोडे, भांड्यांचे एक पोते आणि माझी पत्नी जीतकौर. तिला पाचवा महिना होता. माझी माय गाडीत बसली नाही. गुरुवाणीची पोथी रुमालात गुंडाळून तिने डोक्यावर घेतली होती, आणि पोथी डोक्यावर असताना ती बसत नसे. ती चौसाळ्यापर्यंत चालत आली.

गाडी गावातून निघाली तेव्हा ओसऱ्यांवर माणसे उभी होती. शेवटच्या मोठ्या घरातली एक म्हातारी तेवढी पायऱ्या उतरून खाली आली.

"कावून चाललाव रं समदे? आन् मंग सनाला शिधा कोन आनून देईल?"

तिच्या मनात काही वाईट नव्हते. तिला खरोखरच तो प्रश्न पडला होता. माझ्या वडिलांनी, बापूंनी, तिला हात जोडले आणि म्हणाले, "गुरूची मर्जी, माय." मी तोंड फिरवून घेतले.

शिध्याची रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमच्या धर्मात गुरूच्या दिवशी लंगर असते: सर्वांनी एका ओळीत जमिनीवर बसायचे, तेच अन्न, तीच पत्रावळ, पहिला कोण आणि शेवटचा कोण हे विचारायचे नाही. गुरू नानकांनी ही ओळ घातली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा अर्धा धर्म त्या ओळीतच आहे. परंतु नांदूरघाटची मोठी पाच घरे आमच्या हातचे शिजलेले खात नसत. म्हणून बापू दरवर्षी पाच थाळ्या भरत. कणीक, तूरडाळ, गूळ, वाटीभर तूप, वर पांढरे फडके. ती थाळी मागच्या दाराने द्यायची. घरातील बाई शिधा ओतून घेई, थाळीवर पाणी शिंपडी आणि थाळी उंबऱ्याबाहेर ठेवी. ती आपण उचलायची. वयाच्या आठव्या वर्षापासून ती थाळी मी उचलली आहे.

बापू याला वाटून खाणे म्हणत. गुरूंनी तीन गोष्टी सांगितल्या: कष्टाचे खा, नाव घ्या, वाटून खा. बापूंचा हिशेब असा की, ते आपल्यात येत नाहीत तर आपण त्यांच्यापर्यंत पोहोचवू. वाटले म्हणजे झाले. बापू भोळे नव्हते. गावाच्या कडेला, दुसऱ्याच्या जागेत, पोलिसांच्या वहीत जात लिहिलेल्या माणसाला शांततेने राहायचे असेल तर वर्षातून पाच थाळ्या फार नाहीत, असे त्यांना वाटे. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवले नाही. मला ते समजत होते.

मग पाच घरांपैकी एका घराच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. पोलीस प्रथम आमच्या पालावर आले. लोखंड गेले म्हणजे शिकलगाराकडे, हा त्यांचा जुना नियम. बापूंना आणि माझ्या चुलत्याला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवले. तिसऱ्या दिवशी मोटार त्याच घराच्या पुतण्याच्या गोठ्यात, कडब्याखाली सापडली. आम्हाला वाटले, आता निदान कोणी येऊन दोन शब्द बोलेल. निरोप आला तो असा: "झालं ते झालं. पन आता मनं नासली. तुमी दुसरं गाव बघा."

चुलता पाया पडून राहिला. बापू पडले नाहीत. एवढे मात्र मी त्यांच्या बाजूने लिहीन.

शीव ओलांडल्यावर माय रडू लागली, तेव्हा बापूंनी चालता चालता ती साखी, गुरूंची गोष्ट, सांगितली. तुम्हा सर्वांना ती पाठ आहे, तरी लिहितो. गुरू नानक आणि त्यांचा मुसलमान सोबती मर्दाना फिरत फिरत एका गावी गेले. गावाने त्यांची टवाळी केली, पाणीसुद्धा विचारले नाही. गुरू जाताना म्हणाले, "इथेच सुखाने वसून राहा." पुढच्या गावाने त्यांना जेवू घातले, पाय धुतले. गुरू जाताना म्हणाले, "उजाड व्हा, विखरून जा." मर्दाना चिडला. हा कुठला न्याय? गुरू म्हणाले, "वाईट माणसे एका जागी राहिलेली बरी. चांगली माणसे जिथे जातील तिथे चांगुलपणा नेतील."

"तवा रडू नगं," बापू मायला म्हणाले. "आपल्याला गुरूचा आशीर्वाद लागलाय."

मी बैल हाकत होतो. मी विचारले, "बापू, आपण चांगले होतो म्हणून उजाडलो, का आपल्या नावावर जागा न्हवती म्हणून?"

बापू म्हणाले, "बैल हाक."

त्या प्रश्नाचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. ज्ञानींना विचारले, कीर्तनकारांना विचारले. सगळे गोड बोलतात. त्या गोष्टीतील गाव आपल्या पायांनी विखुरले की कोणी गाडी जुंपायला लावली, हे कोणीच सांगत नाही. हाकलल्या गेलेल्या माणसाने ती साखी स्वतःलाच सांगून समाधान मानावे, हे मला पटले नाही. आजही पटत नाही. गुरूंविषयी माझी तक्रार नाही. ती साखी पडक्या भिंतीला लिंपण म्हणून वापरणाऱ्यांविषयी आहे.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. गुरू नानक वीस-पंचवीस वर्षे चारी दिशा चालले. बिदरला आले, लंकेपर्यंत गेले, मक्केपर्यंत गेले, असे सांगतात. पण अखेरीस त्यांनी रावीकाठी कर्तारपूर वसविले, प्रवासाचा वेश उतरवला आणि नांगर धरला. आयुष्याची शेवटची अठरा वर्षे ते शेतकरी होते. सकाळी शेत, संध्याकाळी कीर्तन, आणि मध्ये पंगत. विखरून जा म्हणणारा माणूस स्वतः वसला. मी साखीच्या या दुसऱ्या टोकाला धरून आहे.

चौसाळ्यात आम्ही दिवस मावळता पोहोचलो. महामार्गाच्या कडेला रशीदभाईंचे पंक्चरचे दुकान होते. चार बांबू आणि एक पत्रा. त्यांनी गाडीतील भाता पाहिला आणि बापूंना म्हणाले, "चाचा, पुढं कुठं जाताव? पुढं बी रस्ताच हाय. इथं मांडा. माझ्याकडं हवा हाय, तुमच्याकडं आग हाय. धंदा जमंल." बापू त्या दिवशी प्रथमच हसले.

ती कडेची पट्टी गायरान होती, पण गावात ती अण्णांची समजली जाई. अण्णा म्हणजे आजच्या भाऊसाहेबांचे वडील. ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम. त्यांनी येऊन पाहिले आणि म्हणाले, "ऱ्हावा की. मला दरसाल दोनशे कोयते लागत्यात." भाडे मागितले नाही. बापूंनी त्यांचे पाय धरले. जुलैत बलबीर जन्मला.

नोव्हेंबरात गुरूंचा दिवस आला. आदल्या दिवशी अण्णा दुकानापुढे मोटारसायकल थांबवून, न उतरता, म्हणाले, "उद्या तुमचा सन हाय म्हनं. शिधा घरी आनून देत जा. मागल्या दारानं."

त्यांना नांदूरघाटची काहीच कल्पना नव्हती. सांगायची गरजही नव्हती. ती रीत त्यांना उपजतच ठाऊक होती.

सकाळी पाहतो तो बापूंनी थाळी भरून ठेवली होती. एकच. वर पांढरे फडके. मी फडके काढले आणि कणीक परातीत ओतली. डाळ डाळीत टाकली. माय बघत राहिली. बापू ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "पोरगं चार महिन्याचं हाय. पुन्यांदा गाडी जुंपायची का?"

"जुंपू," मी म्हणालो.

"तुला जायचं तर जा. मी आता न्हाई चालू शकत."

मी हात धुतले, पगडी नीट केली आणि अण्णांच्या घरी गेलो. पुढच्या दाराने गेलो. ते ओट्यावर चहा पीत होते.

"अण्णा, शिधा नाही. जेवण आहे. बारा वाजता पंगत बसेल. या."

त्यांनी बशी खाली ठेवली. "आमी? तुज्या पंगतीला?"

"पंगत माझी नाही. गुरूची आहे."

"लई शहाना झालास बे सरदार. जागा कुनाची हाय, म्हायती हाय का?"

"माहिती आहे. म्हणूनच सांगायला आलो. न सांगता शिधा चुकवला असता तर तो भित्रेपणा झाला असता."

"आन् उद्या हाकललं तर?"

"कोयते दुसऱ्याकडून घ्यावे लागतील."

हे शेवटचे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो.

जीतकौरने चाळीस माणसांचे जेवण केले होते. बारा वाजले, एक वाजला. गावातले कोणी फिरकले नाही. अण्णांनी शब्द टाकला असणार. बसायच्या तागाच्या पट्ट्या अंथरलेल्या, आणि त्यांवर कोणी नाही. बापू भात्याशी बसून राहिले. दोन वाजता रशीदभाई हात पुसत आले आणि पट्टीकडे पाहून म्हणाले, "काय सरदार, एवढी डाळ केली आन् पंगतीला माश्या? मला वाटलं तुमच्यात दाढी असल्याबिगर बसू देत न्हाईत. माझी हाय की!" आणि मांडी घालून बसले. एकटे. माय वाढायला वाकली आणि डाळ पत्रावळीबाहेर सांडली. रशीदभाई म्हणाले, "चाची, एवढं घाबरू नका, मी दुसऱ्यांदा बी घेनार हाय."

ते जेवत असतानाच ऊसतोडीच्या माणसांनी भरलेला एक ट्रक कोयत्यांना धार लावायला थांबला. बायका, पोरे, गाठोडी, कोंबड्या. तीसेक माणसे असतील. त्यांच्यातील एका बाईने पट्टीकडे पाहून विचारले, "जेवायचं किती पैसं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मंग कावून देताव?"

मी काही बोलायच्या आत बापू उठले. भात्यापाशी बसल्यापासून ते प्रथमच बोलले. "आमचा गुरू बी घर सोडून लई फिरलेला हाय, बाई. बसा." त्यांनी स्वतः टोपली उचलली आणि रोट्या वाढायला लागले. डाळ कमी पडली. जीतकौरने पुन्हा चढवली. पोर पाठीला बांधलेले होते.

बापूंनी मला कधीही बरोबर म्हटले नाही. पुढल्या वर्षी मात्र थाळी काढली नाही. त्यानंतर सात वर्षांनी ते वारले.

अण्णांनी आम्हाला हाकलले नाही. त्यांना कोयते हवे होते. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या विहिरीचे पाणी बंद झाले. दोन वर्षे जीतकौरने अर्ध्या कोसावरून पाणी आणले. त्याची किंमत तिने मोजली, मी नाही. ती आज असती तर हे वाक्य मला लिहू दिले नसते.

लोक लालो सुताराची साखी सांगतात. मोठ्या अधिकाऱ्याने, मलिक भागोने, सगळ्यांना मेजवानी दिली; गुरू गेले नाहीत, लालो सुताराच्या घरी कोरडी भाकर खात बसले. पुढे एका हातात लालोची भाकर आणि दुसऱ्या हातात भागोची पुरी पिळली. एकीतून दूध निघाले आणि दुसरीतून रक्त. मी पन्नास वर्षे लोखंड पिळतो आहे. भाकरीतून काय निघते यावर मी बोलणार नाही. पण बोलावणे आले असताना, नाही म्हणण्याची किंमत माहीत असताना, गुरू त्या सुताराच्या ओट्यावर बसून राहिले. ते मला कळते. तेवढे पुरे आहे.

बलबीर उठला. चहा करतो म्हणतो. डब्यांकडे बघून घेतले, माझ्याकडे नाही. येथे थांबतो.

*

संध्याकाळचे सात. जे झाले ते क्रमाने लिहितो.

चहा पिताना बलबीर म्हणाला, "बाबा, तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. पण ते नुसते डबे आहेत. आता कोणी मागच्या दाराने घेत नाही. झोमॅटोवाला पण डबाच नेतो."

"झोमॅटोवाल्याच्या हातात आपला ठराव नाही," मी म्हणालो.

"मग कागद नको का? उद्या रस्ता आणखी रुंद झाला, मार्किंग करायला माणसं आली, तर काय दाखवणार? कोयता?"

बलबीर वाईट बोलत नाही. चाकणला त्याचे स्वतःचे फॅब्रिकेशनचे शेड आहे, सोळा कामगार आहेत. भाड्याने घर घेताना त्याला तीन ठिकाणी नाव विचारून नकार मिळाला, हे त्याने मला कधी सांगितले नाही, सुनेने सांगितले. कागद म्हणजे काय, हे तो माझ्यापेक्षा चांगले जाणतो. म्हणून मी त्याच्यावर रागावलो नाही.

मी एवढेच म्हणालो, "तुझ्या आजोबांनी तेवीस वर्षे पाठवला. तेवीस वर्षांनंतर त्यांना दोन दिवस ठाण्यात बसवलं. शिध्यानं जागा मिळत असती तर तू नांदूरघाटला जन्मला असतास."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि ठराव नाही झाला तर?"

"तर नाही होणार. अर्ज आपण देऊ. दरसाल देऊ. डबे देणार नाही."

अरदासची प्रार्थना झाली. साडेअकराला पंगत बसली. यंदा अतिवृष्टीने कापूस गेला, म्हणून टोळ्या लवकर आणि जास्त निघाल्या आहेत. दोन ट्रक आणि एक ट्रॅक्टर थांबला. रशीदभाईंचे नातू, पेट्रोलपंपावरची मुले, तेलगावकडून आलेला एक म्हातारा केळीवाला, शाळेचे दोन मास्तर. पत्र्याखाली जागा पुरली नाही. शेवटची पंधरा माणसे उन्हात बसली. एका बाईने ताटावर पदर धरून लेकराला भरवले. ते मला बरे दिसले नाही.

बाराच्या सुमारास भाऊसाहेबांची पांढरी गाडी आली. त्यातून ड्रायव्हर उतरला, अंबादास. चांगला मुलगा आहे. बाप माझ्याकडे कोयते नेत असे. तो थेट भिंतीशी रचलेल्या डब्यांकडे गेला. एक उचलून पाहिला.

"बाबा, हे तर रिकामे हायेत."

"हो. बस, जेव."

"न्हाई, साहेबांनी डबे आनायला सांगितलंय. पाव्हणे येऊन बसलेत."

"पाहुण्यांना घेऊन या म्हणावं. आणखी रोट्या लाटायला बसवतो."

त्याने फोन लावला. थोडे बाजूला होऊन बोलला, पण अंबादासला हळू बोलता येत नाही. "साहेब, डबे न्हाईत. ... न्हाई, हायेत, पन भरले न्हाईत. ... इथं येऊन जेवा म्हनत्यात." मग फोन माझ्यापुढे धरला.

भाऊसाहेबांचा आवाज गोड असतो. बापासारखे ते 'बे' म्हणत नाहीत. "बाबा, माझा अपमान करताव का? प्रसाद तर मागितला मी."

"प्रसाद आहे, भाऊसाहेब. अंबादासच्या हाती देतो. कडाह प्रसाद पाठवता येतो. पंगत पाठवता येत नाही."

"मी आलो असतो, पण पाहुणे हायेत. तुमाला कळत न्हाई का?"

"कळतं. तुमच्या वडिलांनाही हेच सांगितलं होतं. शेहेचाळीस वर्षे पट्टी अंथरलेली आहे. तुम्ही या. उशीर झाला तरी चालेल."

मग ते म्हणाले, "बरं. मंग त्या ठरावाचं आमी बघू." आणि फोन बंद झाला.

त्या 'बघू'चा अर्थ मला कळतो. बलबीरलाही कळला. तो रोट्यांची टोपली घेऊन उभा होता. मी अंबादासला म्हणालो, "तू उपाशी आहेस का?"

"आता काय सांगू बाबा," तो म्हणाला. "तिकडं गेलो तर शिव्या, हितं बसलो तर शिव्या."

"मग जेवून शिव्या खा."

पंगतीतली माणसे हसली. तो बसला. डाळ दोनदा घेतली आणि कडाह प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण रुमालात बांधून घेऊन गेला.

दुपारी टोळ्या निघायला लागल्या तेव्हा बलबीरने, मला न विचारता, ते चाळीस डबे भरले आणि ट्रकमधल्या बायकांना वर चढवून दिले. रात्रीचा प्रवास आहे, पोरे रडतील म्हणून. एक तरुण पोरगी वरून म्हणाली, "दादा, डबे परत कवा आनून द्यायचे?" तो म्हणाला, "फेकून द्या, ताई." मला ते पटले. ही माणसे शेजारी बसून जेवली होती. त्यानंतर वाटेची शिदोरी देणे वेगळे. हा फरक मी त्याला कधी समजावला नव्हता.

नांदूरघाटच्या माझ्या भावांनो, तुम्ही अजून तीन घरांना शिधा पाठवता, असे ऐकतो. आता फडक्याऐवजी प्लास्टिकची पिशवी असते, एवढाच बदल. मी तुम्हाला भित्रे म्हणणार नाही. तुमच्या नावावर दोन घरे झाली, माझ्या नावावर उद्या एकही नसेल. तुम्ही म्हणाल, शहाणा कोण? मोजायला बसलात तर तुम्हीच. पण तुमच्या लंगरला गावातले कोण येऊन बसते, तेवढे मला कळवा. एक नाव कळवा. मी ऐकून घेईन.

आणि पुढे गेलेल्या मुलांनो, तुम्ही मला विचारता की, बाबा, आपले गाव कोणते सांगायचे? फॉर्मवर रकाना असतो. नांदूरघाट सांगू नका; तेथे मी उंबऱ्याबाहेरची थाळी उचलली. पंजाब सांगू नका. तो मी पाहिलेला नाही. चौसाळा सांगा. कागद नसला तरी सांगा. येथे तुमचा आजा रोट्या वाढायला उठला, येथे तुमच्या आजीला अग्नी दिला, येथे मला कोणी मागच्या दाराला बोलावले तर मी पुढच्या दाराने जातो. उद्या ही जागा गेली तर पुढल्या वर्षी जेथे पट्टी अंथराल ते गाव सांगा. मी मात्र येथून उठणार नाही. उठवावे लागेल.

भांडी घासून झाल्यावर मी बलबीरला विचारले, "गाडीत पाईप आहे का?" तीन इंची दोन पाईप होते, चाकणच्या कोणत्या तरी कामातले उरलेले. उन्हात बसलेल्या पंधरा माणसांसाठी पत्रा दहा फूट पुढे न्यायला हवा. म्हणजे रस्त्याच्या बाजूला, ज्या जागेचा कागद नाही त्याच जागेत. बलबीर म्हणाला, "आज? ठरावाचं असं झाल्यावर?" मी पहार आणायला सांगितली.

पहिल्या पाईपसाठी दोन फूट खोल खड्डा त्याने खणला. मला आता एक फुटापुढे दम लागतो. मी पाईप उभा धरला. त्याने तळाला दगड ठोकून बसवले, खडी आणि सिमेंट कालवून वरपर्यंत भरले. मी दोन बाजूंनी ओळंबा धरून पाहिला. पाईप रस्त्याकडे सुताभर झुकत होता. तो सरळ केला, दोन बाजूंनी तारेचे ताण बांधले आणि सिमेंट उद्याच्या उन्हात तडकू नये म्हणून त्यावर ओले पोते टाकले.